खंडेनवमीला लावलेले दिवे

लग्नाच्या मांडवात मी आधी वायरिंग पाहिलं आणि मग नवरीकडे, असं माझी बायको अजून आल्यागेल्याला सांगते. खरं आहे ते. मांडववाल्याने दोन वायरींचा जोड नुसता पीळ देऊन उघडा सोडला होता आणि खाली सतरंजी ओली होती. नवरी कुठे पळून चालली होती?

स्वभाव शंकेखोर, आणि धंदा दिव्यांचा, असा हा योग. नांदेडात दुकान टाकून पस्तीस वर्षं होत आली. आता मुलगा गल्ल्यावर बसतो, मी बाजूच्या स्टुलावर बसून त्याने मागवलेल्या मालावर संशय घेतो. बाजारात मला मीटरवाले काका म्हणतात, कारण कोणताही दिवा मी आधी मीटरवर लावतो. खोक्यावर वीस वॅट छापलेलं असतं आणि मीटर चौदाच्या पुढे सरकत नाही. खोक्यावरचं आणि खोक्यातलं यांची गाठभेट क्वचितच होते. म्हणून सांगतो, वॅट बघून दिवा घेऊ नका. वॅट म्हणजे तो खातो किती. उजेड देतो किती ते लुमेनमध्ये लिहिलेलं असतं, आणि तेही छापलेलंच असतं म्हणून स्वतःच्या डोळ्यांनी बघून घ्या.

पूर्वी मी दिवा हातात घेऊन वजनही बघायचो. एलईडी तापते, ती उष्णता ओढून घ्यायला मागे ॲल्युमिनियम लागतं, म्हणजे जड दिवा चांगला, असा आमचा साधा हिशेब. मग एकदा एका जड दिव्याच्या पोटात सिमेंटची चकती निघाली. माझ्यासारखे वजन करणारे लोक बाजारात आहेत हे कारखानदारालाही कळलं होतं. त्या दिवसापासून मी वजनावरचाही विश्वास काढून घेतला.

गिऱ्हाइकंही काही कमी नसतात. माहूरचे एक कुंकवाचे दुकानदार खिशातून पुडी काढून प्रत्येक दिव्याखाली चिमूटभर कुंकू धरायचे. "ह्याच्यात इटकरी दिसायलंय. दुसरा दावा." स्वस्त दिव्याखाली लाल रंग मरतो, हे त्यांनी कोणतंही पुस्तक न वाचता ओळखलं होतं. मला ते गृहस्थ फार आवडायचे. आपल्यावर कोणी नीट संशय घेतला की मला बरं वाटतं.

इतकं सगळं असून मी जी चूक केली ती लिहायला बसलो आहे. त्या वेळी मी संशय घ्यायला कमी पडलो नव्हतो. तो भलत्याच ठिकाणी घेतला होता.

नांदेडच्या बाहेरच्या अंगाला गोविंदरावांचं वर्कशॉप आहे. फवारणीच्या पंपाला पाइप जोडायचे पितळी निपल तिथे बनतात. तीन लेथ, एक कॉम्प्रेसर, वर पत्रे. दोन लेथवर जाड गोल सळईचं सावकाश काम चालायचं. तिसरी लेथ छोटी आणि वेगाची. तिच्यावर सहा बाजूंची पितळी सळई लावून निपल कापायचं काम नामदेवकडे. नामदेव मूळचा बिलोली तालुक्यातला, बावीस वर्षं त्याच लेथवर. बोलणं थोडं, हात साफ. त्याने कापलेला आटा दुसऱ्यांदा तपासावा लागत नसे.

वर्कशॉपात जुन्या ट्यूबा होत्या, निम्म्या काळवंडलेल्या. शिवाय नामदेवच्या लेथवर, सळई पकडून फिरवणाऱ्या चकच्या अगदी जवळ, वाकवता येईल अशा दांड्यावर एक शंभरचा पिवळा बल्ब होता. गोविंदराव म्हणाले, "सगळं काढा आन् एलईडी लावा. पण खर्च बेताचा करा." मी बेताच्या खर्चातले पांढरे लांब दिवे निवडले. मीटरवर लावून पाहिले, वॅट बरोबर. चार तास जळत ठेवून मागून हात लावला, ताप बेताचा. कुंकूही धरून पाहिलं. मी खूश झालो.

आता यातली मेख सांगतो. गोविंदरावांना दिवे खंडेनवमीला हवे होते. आमच्याकडे त्या दिवशी कारागीर हत्यारांची पूजा करतात. मशिनी धुऊन पुसून, त्यांना हळदकुंकू, झेंडूच्या माळा. पूजेला नातलग येतात, व्यापारी येतात, तेव्हा वर्कशॉप उजळलेलं दिसावं ही मालकाची हौस. मी सकाळीच जाऊन दिवे बसवले. बटण दाबलं आणि पितळेचा भुगासुद्धा चमकायला लागला. आलेला प्रत्येक जण मान वर करून बघत होता.

माझी एक सवय होती. दिवे बसवले की म्हणायचं, आता तुमचं रोजचं काम सुरू करा, मी बघत बसतो. त्या दिवशी ते म्हणता आलं नाही. पूजलेली मशीन त्या दिवशी फिरवत नाहीत. नामदेवने स्वतः चकला कुंकू लावलं, माळ घातली, हात जोडले. त्या नव्या उजेडात दिवसभर एकही मशीन फिरली नाही, आणि त्याच उजेडाचं कौतुक ऐकून मी पेढा खाऊन घरी आलो. दुसऱ्या दिवशी दसरा, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. परत जाऊन बघायचं राहून गेलं.

निघताना नामदेव एवढंच म्हणाला होता, "शेठ, माझा पिवळा बल तेवढा ऱ्हाऊ द्या."

"एवढ्या पांढऱ्या उजेडात पिवळा कशाला? तो एकटा शंभर वॅट खातो," मी म्हणालो आणि बल्ब दांड्यासकट काढून पिशवीत टाकला. बचत करून दाखवायची खाज.

चार-पाच दिवसांनी नामदेव दुकानात आला. उभ्या उभ्याच बोलला. "शेठ, उजेडात कायतरी खोट हाय. सळई फिरायलीय, पण दिसतीय उभी. कवा कवा तर उलटी सरकायलीय."

मला राग आला. मीटर लावलेला, चार तास जाळलेला, कुंकू धरलेला दिवा. "नामदेव, डोळे तपासून घे. वय झालं आपलं."

"डोळे बरे हायेत. तुमी एकदा येऊन बघा."

"येतो," म्हणालो. गेलो नाही. वर मनात म्हणालो की आळशी माणसाला नवा उजेड सोसत नाही, काम लपत नाही ना त्यात.

पुढच्या सोमवारी गोविंदरावांचा फोन आला, लगेच या. जाऊन बघतो तर नामदेव भिंतीला टेकून बसलेला, हाताला पाणी लावत. झालं असं की काम चालू असताना मालकांनी त्याला हाक मारली. तो जाऊन परत आला. सळई उभी दिसली. त्याला वाटलं, आपण लेथ बंद करूनच गेलो होतो. माप घ्यायला त्याने व्हर्नियर पुढे केला. सळई मिनिटाला हजार फेऱ्या घेत होती. व्हर्नियर हातातून हिसकला गेला आणि पलीकडच्या भिंतीवर आपटून दोन तुकडे. तळहाताची साल निघाली. बोटं राहिली हे नशीब.

"बावीस वर्सं काम केलेला माणूस चालू मशीनला हात घालतो?" गोविंदराव मला बाजूला घेऊन म्हणाले. "काल आयतवार होता. हा गावाकडं गेलता. तिकडं शिंदीचीच झाडं, पिऊन आला असल. मला बाकी कोणाला इच्यारायचं न्हाई. तुमचं नाक लई तिखट हाय, तुमी सांगा."

मी गेलो. धीर द्यायच्या निमित्ताने नामदेवच्या खांद्यावर हात ठेवला, वाकलो आणि त्याला हुंगलं. आंबूस वास आला. परत येऊन गोविंदरावांना म्हणालो, "येतोय वास."

दोनच शब्द. नामदेव माझ्याकडे बघत होता. मी कशासाठी वाकलो होतो ते त्याला कळलं होतं. तो काही बोलला नाही, आणि मी त्याचं गप्प बसणंही गुन्ह्याच्या कबुलीत धरलं.

लेथ त्याच्याकडून काढली. दिवाळीपर्यंत निपल मोजून पिशव्यांत भरायचं काम दिलं. दिवाळीच्या सुटीनंतर लेथवर नवा माणूस येणार, आणि नामदेवने घरी बसायचं, असं ठरलं. मधल्या काळात दुसऱ्या लेथवरचा एक जण जमेल तसं त्याचं काम उरकायचा. त्याने कधी तक्रार केली नाही. पुढे विचारलं तेव्हा म्हणाला, "मलाबी दिसायचं तसं. पण नामदेवचं काय झालं बघितल्यावर कोण बोलंल?"

दिवाळीला मी लातूरला मुलीकडे गेलो. तिच्या इमारतीत तळमजल्यावर देशपांडे मॅडम राहतात. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या, घरात एकट्या आणि झाडं पन्नास. शेजारी नवी इमारत उठली आणि त्यांच्या खिडकीचं ऊन गेलं. माहेरून आणलेली नागवेल पिवळी पडली. श्रावणात मी आलो होतो तेव्हा त्या झाडांसाठी मिळणारे जांभळे दिवे मागवायच्या विचारात होत्या. मीच अडवलं. म्हणालो, "जांभळ्या उजेडात पान हिरवं आहे की पिवळं तेच कळत नाही, आणि नावापायी दुप्पट किंमत. साधा पांढरा दिवा पानांपासून वीत-दीड वीत वर टांगा, दहा-बारा तास चालू ठेवा. झाडाला एवढं पुरतं." आणि दसऱ्याआधी माझ्याकडचे चार दिवे मुलीच्या हाती पाठवले. गोविंदरावांना लावले त्याच खेपेतले.

मी फराळाला गेलो तर नागवेल टवटवीत, खिडकीच्या गजापर्यंत चढलेली. मला वाटलं, आता कौतुक होणार.

"झाडं मजेत आहेत," मॅडम म्हणाल्या. "पण काका, माझा पंखा उलटा फिरायलाय."

बंद खोलीत पानांवर बुरशी धरू नये म्हणून त्यांनी झाडांजवळ टेबलफॅन ठेवला होता. मी पाहिलं. वारा लागत होता, पानं हलत होती, आणि पंख्याची पाती मात्र फिकट सावल्यांसारखी जवळजवळ जागच्या जागी उभी. हळूच मागे मागे सरकत होती.

"पंखेवाल्याला दोनदा बोलावलं. त्यानं कंडेन्सर बदलला. तरी उलटाच. मग मी माझ्या पद्धतीनं बघितलं. मुलांना तीस वर्षं तेच शिकवलं, एका वेळी एकच गोष्ट बदलायची." त्यांनी दिवा बंद केला आणि बाहेरचं दार उघडलं. दिवसाच्या उजेडात पंखा नीट, भरारा फिरत होता. दार लावून दिवा लावला, पाती पुन्हा उभी. "म्हणजे दोष कशात आला?"

वर्गात उभं केलेल्या मुलासारखा मी म्हणालो, "दिव्यात."

"मग पंखेवाल्यानं पंखा का उघडला?"

मी वर दिव्याकडे पाहिलं.

"कारण त्याला पंखाच उघडता येतो," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही लाडू घ्या ना."

लाडू माझ्या हातातच राहिला. घरातली वीज सरळ वाहत नाही, ती चढते, उतरते. तिच्याबरोबर दिवाही सेकंदाला शंभर वेळा मंद होऊन पुन्हा पेटतो. डोळ्याला ते कळत नाही. चांगल्या दिव्यात मधली फट भरून काढणारा एक भाग असतो. स्वस्तात बसवायचं म्हटलं की कारखानदार पहिला तोच गाळतो. घरात बसून पेपर वाचणाऱ्याचं त्यावाचून काही अडत नाही. झाडाला तर पत्ताच लागत नाही. पण सहा बाजूंची सळई मिनिटाला हजार फेऱ्या घेत असेल, तर दिव्याच्या प्रत्येक उघडझापीत ती बरोबर एक बाजू पुढे जाते. पहिल्या बाजूच्या जागी दुसरी येऊन उभी, आणि बघणाऱ्याला वाटतं, सळई हललीच नाही. गोल सळई फिरताना आणि थांबलेली सारखीच दिसते, म्हणून बाकीच्या दोन लेथवर कोणाला काही जाणवलं नाही. आवाजाने कळावं, तर कॉम्प्रेसर आणि दोन मशिनी शेजारी धडधडत असतात. आणि जुना पिवळा बल्ब? त्याची तार तापलेली असते, ती एवढ्या झटक्यात विझत नाही. त्याच्या उजेडात सळई फिरताना दिसायची. तो मी पिशवीत घालून आणला होता.

त्या महिन्यात गोविंदरावांच्या वर्कशॉपात एकच गोष्ट बदलली होती. नामदेव बावीस वर्षं तोच होता. पंखेवाल्याला निदान पंख्याशिवाय काही उघडता येत नव्हतं. मला दिवा उघडता येत होता, तरी मी माणूस उघडायला गेलो. मला स्वतःची एवढी लाज कधी वाटली नव्हती.

मुलगी भाऊबीजेपर्यंत थांबा म्हणत होती. मी दुसऱ्या दिवशी सकाळची नांदेडची बस धरली. दुकानातल्या खणातून पिवळा बल्ब काढला आणि सुटी संपून वर्कशॉप उघडायच्या दिवशी शटर वर व्हायच्या आधीच दारात जाऊन बसलो. नामदेव आपला हिशेब करून घ्यायला आला होता. नवा माणूसही आला होता. मी गोविंदरावांना म्हणालो, "दहा मिनिटं द्या. नामदेवला लेथवर उभं राहू द्या."

त्यांनी संशयाने पाहिलं. ते मला आवडलं. कॉम्प्रेसर सुरू करायला लावला, बाकीच्या दोन्ही मशिनी सुरू केल्या. गोविंदरावांना पाठ फिरवून उभं केलं. नामदेवने सहा बाजूंची सळई लावून लेथ हजारावर सोडली. मग मी मालकांना वळवलं.

"लेथ चालू आहे की बंद?"

"बंद हाय की. सळई समोर दिसायलीय उभी," म्हणत गोविंदरावांनी दाखवायला बोट पुढे केलं, आणि पुढेच नेत राहिले.

नामदेवने त्यांचं मनगट झडप घालून धरलं. "मालक!"

मी तोच पिवळा बल्ब चकजवळ पेटवला आणि वरचे दिवे बंद केले. सळई गरगर फिरताना दिसली. गोविंदरावांनी आपलं बोट दुसऱ्या हाताच्या मुठीत धरलं. नामदेवने लेथ बंद केली आणि हात पुसत उभा राहिला. त्याला यात नवीन काहीच नव्हतं. तो हेच सांगायला माझ्या दुकानात आला होता.

एक काम उरलं होतं. ते न करता दिव्यांवर सगळं ढकलून मोकळं होता आलं असतं, आणि खरं सांगतो, क्षणभर तो विचार माझ्या मनात येऊन गेला. मी लेथखालच्या तबकाशी वाकलो. कापताना सळईवर सोडतात ते साबणासारखं पाणी त्यात साठतं, जुनं झालं की आंबतं. हुंगलं. तोच वास. मग गोविंदरावांच्या सदऱ्याची बाही हुंगली. तिलाही तोच. त्या दिवशी मी दोघांनाही हुंगलं असतं तर दोघेही शिंदी प्यायलेले निघाले असते.

सगळ्यांदेखत म्हणालो, "नामदेव, मी खोटं बोललो. वास तुझ्या कामाचा होता. मी त्याला शिंदी म्हणालो."

नामदेवने हातातलं फडकं लेथवर ठेवलं. मग म्हणाला, "माझा बाप शिंदीत गेला, शेठ. म्या थेंबाला शिवत न्हाई. तुमी वाकलाव तवाच सांगनार हुतो. पन म्हनलं, हुंगनाऱ्याला काय सांगावं?"

मी हात जोडले. त्याने माझे हात खाली केले आणि बल्बचा दांडा मागितला. "आना हिकडं. ह्याची जागा मला ठावं हाय."

नामदेव लेथवर राहिला. गोविंदरावांनी नव्या माणसाला निपल भरायला बसवलं. वरचे दिवे मी माझ्या खर्चाने बदलले, आणि सगळे एकाच फेजवर न ठेवता तिन्हींवर वाटून दिले, म्हणजे सगळे एकदम डोळा मिटत नाहीत. आता दुकानात मीटरशेजारी एक छोटा पंखाही ठेवला आहे. बायकोने टीका करूनही मी त्याच्या पात्यांवर काळ्या पट्ट्या मारल्या आहेत. दिवा आधी त्या पंख्यावर धरतो. तुम्ही घेताना मोबाइलचा कॅमेरा दिव्यासमोर धरा. पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर तो दिवा फिरत्या मशीनजवळ लावू नका. झाडांवर खुशाल लावा. देशपांडे मॅडमची नागवेल अजून त्याच दिव्याखाली आहे. त्यांनी फक्त पंखा दुसऱ्या खोलीतल्या उजेडात हलवला.

खंडेनवमीला अजूनही लोक दिवे लावून घेतात. मी लावतो, पेढा खातो, आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मशीन फिरताना बघायला परत जातो. गोविंदरावांकडे सगळ्यात आधी. गेलो की नामदेव लेथ थांबवतो, हात पुसतो, चार पावलं चालत येतो आणि आपला खांदा माझ्या नाकाशी धरतो.

"हां शेठ, आधी हुंगून घ्या. मग दिवे बघा."

सगळं वर्कशॉप हसतं. नामदेवही हसतो. मला अजून एकदाही हसता आलेलं नाही.